क्वार्ट्झ घड्याळाची निगा : संपलेला सेल आत ठेवणे घातक

मनगटी घड्याळ बंद पडले की ते कपाटात ठेवायचे आणि सवडीने सेल बदलायचा, अशी अनेक घरांतील रीत आहे. क्वार्ट्झ घड्याळाचे मोठे नुकसान याच सवडीमुळे होते. संपलेल्या सेलमधून झिरपणाऱ्या अल्कधर्मी द्रावामुळे आतील धातूच्या पट्ट्या गंजतात. हा द्राव विद्युत मंडलापर्यंत पोहोचल्यास किरकोळ खर्चाचे काम संपूर्ण यंत्र बदलण्यापर्यंत जाते.

जपानच्या सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत 'अ‍ॅस्ट्रॉन' हे जगातील पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. त्यामागील तत्त्व आजही बहुतांशी तेच आहे. आजच्या सर्वसाधारण घड्याळातील क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. विद्युत मंडल ही संख्या पंधरा वेळा निम्मी करून सेकंदाला एक स्पंद देते आणि त्या स्पंदावर छोटी मोटार काटे पुढे सरकवते.

सेल संपत आल्याची पूर्वसूचना अनेक घड्याळे देतात. सेकंदकाटा दर सेकंदाऐवजी दोन सेकंदांनी एकदम उडी घेतो. हा बिघाड नव्हे. काटा जागच्या जागी थरथरत असेल, तर मात्र सेल क्षीण झालेला असतो किंवा चक्रांमधील तेल सुकून मळ साचलेला असतो. नवा सेल घालूनही घड्याळ चालत नसेल, तर तेल किंवा मोटारीचे तारेचे वेटोळे तपासावे लागते. ध्वनिवर्धकासारख्या चुंबकाजवळ ठेवलेले घड्याळही थांबते; दूर नेल्यावर ते पुन्हा सुरू होते, वेळ तेवढी नव्याने लावावी लागते.

सेल बदलताना जुन्या सेलवरील क्रमांक पाहावा. एसआर६२६एसडब्ल्यू हा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल १.५५ व्होल्टचा असून त्याचा दाब अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. त्याच आकाराचा एलआर६२६ हा अल्कलाइन सेल स्वस्त पडतो, पण त्याचा दाब हळूहळू उतरत जातो. स्वस्ताईचा हा मोह टाळलेला बरा. सेल प्लास्टिकच्या चिमट्याने धरावा, कारण धातूच्या चिमट्याने त्याची धन व ऋण टोके जोडली जातात. चिमट्याचे टोक वेटोळ्याला लागल्यास केसाहून बारीक तार तुटते. झाकणाखालील रबरी कडे चिरलेले असल्यास तेही बदलावे, अन्यथा पाणी आत शिरते. तबकडीवर ३० मीटर असे लिहिलेले घड्याळ पोहताना वापरण्यासाठी नसते.

जुन्या घड्याळांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एचएमटीनेही क्वार्ट्झ घड्याळे बनवली होती. मात्र एचएमटी वॉचेस कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. द्रावाने खराब झालेल्या जुन्या यंत्राचा मूळ भाग मिळाला नाही, तर कारागीर त्याच मापाचे दुसरे यंत्र बसवतात. तबकडी तीच राहते, घड्याळ मात्र आतून वेगळे होते. वडिलांची किंवा आजोबांची आठवण म्हणून जपलेले घड्याळ वापरात नसेल, तर सेल काढूनच ठेवावे. चावी बाहेर ओढून ठेवल्याने विजेचा खर्च कमी होतो, परंतु गळतीचा धोका टळत नाही.

काढलेला सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळल्याची शंका आली, तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. तसेच तो घरच्या कचऱ्यात न टाकता बॅटरी संकलनासाठी द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांच्या कक्षेत हे छोटे सेलही येतात.