वांग्याची सुनावणी

जानेवारी २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश एका भाजीसाठी देशभर सभा घेत होते. १३ जानेवारीला कोलकात्यात सुरुवात झाली. मग भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदीगड, हैदराबाद आणि शेवटी ६ फेब्रुवारीला बंगळुरू. अळीला मारणारे जनुक घातलेल्या बीटी वांग्याला परवानगी द्यावी की नाही, एवढाच विषय होता. त्यासाठी शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, ग्राहक संघटना आणि बियाणे कंपन्यांची माणसे असे सुमारे आठ हजार लोक जमले. ९ फेब्रुवारीला रमेश यांनी स्थगिती जाहीर केली आणि ती अजून उठलेली नाही. हा प्रसंग पुढे एकाच सुरात सांगितला गेला: भीती जिंकली आणि विज्ञान हरले. ही मांडणी मला पटत नाही. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत शेतात, बाजारात आणि न्यायालयात काय घडले ते पाहिले, तर लोकांचा अविश्वास जनुकापेक्षा परवानगी देण्याच्या रीतीवर अधिक होता आणि तो अनुभवातून आलेला होता, असे दिसते.

तो अनुभव कापसाचा. १९९८ मध्ये कर्नाटकात बीटी कापसाच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा शेतकरी नेते नंजुंडस्वामींच्या रयत संघाने चाचण्यांची पिके उपटून जाळली. ज्यांच्या रानात चाचणी चालली त्यांनाच काय पेरले हे नीट सांगितलेले नाही, हा त्यांच्या तक्रारींपैकी एक मुद्दा होता. तीनच वर्षांनी गुजरातेत नेमके उलटे घडले. २००१ मध्ये बोंडअळीने कापूस फस्त केला, पण काही शेते हिरवीगार उभी राहिली. त्यांतला ‘नवभारत १५१’ हा वाण विनापरवाना बीटी निघाला. सरकारने पीक नष्ट करण्याचे आदेश काढले, तर शेतकऱ्यांनी ते वाचवण्यासाठी जोर लावला. २६ मार्च २००२ रोजी जालन्याच्या महिकोच्या तीन संकरित वाणांना अधिकृत परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच देशाचे बहुतेक कापूसक्षेत्र बीटीखाली गेले. जनुकाला घाबरणाऱ्या समाजात असे घडले नसते. मात्र त्याच शेतकऱ्याने ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपये आणि त्याहून अधिक मोजले. तंत्रज्ञान शुल्काच्या नावाने होणाऱ्या या वसुलीविरुद्ध आंध्र प्रदेश सरकारला २००६ मध्ये मक्तेदारी आयोगाकडे दाद मागावी लागली, तेव्हा किंमत ७५० रुपयांवर आली. बियाणे उपयोगी असू शकते आणि ते विकणारा तरीही अडवू शकतो, या दोन्ही गोष्टी कापूसपट्ट्याला एकाच वेळी कळल्या.

कापसाबरोबर आणखी एक गोष्ट घरात आली, तिची मात्र चर्चाच झाली नाही. सरकीचे तेल फरसाणात आणि वनस्पती तुपात जाते, तर सरकी पेंड दुभत्या जनावरांच्या गव्हाणीत. म्हणजे बीटी कापूस आल्यापासून त्याचा अंश आपल्या अन्नसाखळीत आहे. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, त्यामुळे त्यावरून घाबरण्याचे कारण नाही, हे शास्त्रीय उत्तर योग्य आहे. पण हे उत्तर ग्राहकाला कोणी आधी दिले नाही, कारण त्याला प्रश्न विचारण्याची संधीच नव्हती. कापूस हे कपड्याचे पीक मानले गेले आणि खाणाऱ्याचा विचार मागे राहिला. वांग्याच्या वेळी हा आडोसा नव्हता. भरलेले वांगे, भरीत, बेगुन भाजा हे थेट ताटातले पदार्थ आहेत.

महिकोच्या वांग्यात शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला मारणारे क्राय१एसी जनुक घातलेले होते. या अळीसाठी शेतकरी एका हंगामात वारंवार फवारण्या करतो, त्यामुळे प्रश्न खरा होता आणि उपाय विचार करण्याजोगा होता. गडबड झाली ती माहितीपाशी. सुरक्षिततेच्या चाचण्या मुख्यतः कंपनीच्याच खर्चाने झालेल्या. त्यांची आकडेवारी ग्रीनपीसने माहिती अधिकारात मागितली, तेव्हा व्यापारी गुपिताचे कारण पुढे आले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेल्यावर, २००८ मध्ये, कागद खुले झाले. १४ ऑक्टोबर २००९ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने हिरवा कंदील दाखवला, तोवर लोकांच्या मनात एक प्रश्न पक्का बसला होता: लपवण्यासारखे काही नव्हते, तर दोन-तीन वर्षे का लपवले? त्यातच धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ज्या स्थानिक वाणांत हे जनुक घातले, त्यांत मांजरी गोटाही होता. असे वाण जैवविविधता कायद्याची परवानगी न घेता वापरले, अशी तक्रार २०१० मध्ये बंगळुरूच्या एका संस्थेने केली. पश्चिम बंगाल, ओडिशा, बिहार ही वांग्याची मोठी राज्ये विरोधात होती. रमेश यांच्या निर्णयपत्रातही स्वतंत्र चाचण्यांचा अभाव, शास्त्रज्ञांमधील मतभेद आणि राज्यांची भूमिका हीच कारणे ठळक आहेत. सावधगिरीचा सल्ला देणाऱ्यांत हरितक्रांतीचे एम. एस. स्वामिनाथनही होते, हे विरोधकांना अज्ञानी ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

माझ्या या मांडणीवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. सुनावण्यांत आणि बाहेरही अतिरंजित दावे झाले. वांगे खाल्ल्याने वंध्यत्व येते यासारख्या गोष्टी पुराव्याविना पसरल्या. त्या खोट्या होत्या आणि त्यांनी चर्चेचे नुकसान केले. पण अफवेला वाव मिळाला तो रिकाम्या जागेत, आणि ती जागा दडवलेल्या माहितीने तयार केली होती. दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा. जून २०१९ मध्ये अकोल्याच्या अकोली जहागीर गावात शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचे विनापरवाना बियाणे उघडपणे पेरून कायदेभंग केला. त्यांचे म्हणणे असे की तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क पेरणाऱ्याचा आहे. या मागणीत बळ आहे. पण अन्नपिकाच्या बाबतीत खाणाराही पक्षकार असतो, आणि दोघांना समोरासमोर बसवणारी जागा २०१० च्या सुनावण्यांनीच दिली होती. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. बांगलादेशाने हेच तंत्रज्ञान ऑक्टोबर २०१३ मध्ये मान्य केले, २०१४ च्या सुरुवातीला वीस शेतकऱ्यांना रोपे दिली, आणि तिथे फवारणी घटल्याचे व उत्पन्न वाढल्याचे अभ्यास आहेत. हे मान्य करावेच लागेल, आणि स्थगिती अनंतकाळ चालू ठेवण्याचे समर्थन मी करत नाही. मात्र तिथे बियाणे सरकारी संशोधन संस्थेकडून आले होते आणि शेतकऱ्याला ते साठवून पुन्हा पेरता येत होते. रीत बदलली की विश्वासही बदलतो, हेच त्यातून दिसते.

आपल्याकडे मात्र रीत फारशी सुधारली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबडीखाद्यासाठी बारा लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला केंद्राने परवानगी दिली. महाराष्ट्रातला सोयाबीन उत्पादक भाव पडण्याच्या भीतीने ओरडला, पण अंडी आणि चिकन खाणाऱ्याला कोणी विचारले नाही. जनुकबदल मोहरीच्या खटल्यात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचा निकाल परस्परविरोधी आला. तरी सर्व संबंधितांशी सल्लामसलत करून राष्ट्रीय धोरण आखावे, यावर दोघांचेही एकमत होते. दरम्यान मार्च २०२२ मध्ये बाहेरचे जनुक न घालता केलेल्या जनुक-संपादित पिकांना जुन्या कडक नियमांतून सूट मिळाली आणि मे २०२५ मध्ये असे भाताचे दोन वाण जाहीरही झाले. हे वाण उत्तम असतील. तरी शेतात आणि ताटात जाण्याआधी त्यांच्या चाचण्यांचे पूर्ण कागद मराठीसह प्रत्येक राज्याच्या भाषेत खुले करावेत आणि सुनावण्या मोठ्या शहरांपुरत्या न ठेवता तालुक्याच्या गावी घ्याव्यात, अशी मागणी भात पिकवणाऱ्या आणि खाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या आमदार-खासदाराकडे आत्ताच करावी.