हौद कोणाचा?

पुण्याच्या मध्यवस्तीत पत्ता सांगताना आजही हौदांची नावे तोंडी येतात. फडके हौद, बदामी हौद, नाना हौद, काळा हौद, आणि सात तोट्यांची आठवण जपणारा साततोटी चौक. बरेच हौद बुजले किंवा इमारतींखाली गेले, नावे तेवढी उरली. या हौदांना पाणी देणाऱ्या पेशवेकालीन नळाचे कौतुक हल्ली पर्यावरणाच्या चर्चेत वारंवार होते आणि ते रास्तही आहे. पण ते कौतुक एका ठिकाणी येऊन थांबते. एखादे बांधकाम शाश्वत आहे का, हे त्याच्या दगडचुन्यावरून आणि त्याला लागणाऱ्या इंधनावरून अर्धेच ठरते. उरलेले अर्धे त्याच्यापर्यंत कोणाला पोहोचता येते, यावरून ठरते. पुण्याच्या पाण्याचा इतिहास या दुसऱ्या अर्ध्यासकट वाचला, तरच त्यातून आजच्या शहराला काही घेता येईल.

आधी पहिले अर्धे पाहू. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी दोन तलाव बांधले गेले. वरच्या तलावात गाळ बसायचा आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात यायचे. तिथून दगडी बांधणीचा झाकलेला नळ शहराकडे निघाला. माणूस आत उतरून सफाई करू शकेल एवढी त्याची उंची होती. वाटेत ठिकठिकाणी हवा खेळण्यासाठी आणि आत उतरण्यासाठी उच्छ्वास बांधले होते. कात्रज उंचावर आणि शनिवारवाडा सखल भागात, एवढ्या उताराच्या जोरावर पाणी कित्येक किलोमीटर वाहत पेठांतल्या हौदांत आणि वाड्यांत पोहोचत असे. त्यासाठी जळण लागत नव्हते, पंप लागत नव्हता. पुढे नाना फडणवीसांनी आंबेगावच्या बाजूने आणखी एक नळ आणला. त्याआधी नानासाहेबांच्याच काळात आंबिल ओढ्याचा प्रवाह वळवून पर्वतीचा तलावही झाला. आजची सारसबाग त्याच जागी आहे. जमिनीचा उतार, पावसाचे पाणी आणि वस्तीची वाढ यांचा एकत्र विचार करणारी ही दृष्टी होती. तिचे श्रेय कोणी नाकारू नये.

पण हौदात आलेले पाणी घरच्या हंड्यात कसे पडायचे? वाड्यातल्या हौदाचे पाणी वाड्याच्या मालकाचे. ज्यांच्याकडे वाडा नव्हता त्यांच्या घरचे पाणी बायकांच्या डोक्यावरून किंवा कंबरेवरून, कावडीतून, पाणक्याच्या खांद्यावरून यायचे. म्हाताऱ्या, आजारी, गरोदर किंवा अपंग माणसाला दुसऱ्याच्या हाताकडे पाहावे लागे. आणि ज्यांना अस्पृश्य ठरवले होते त्यांना तर हौदाला हात लावण्याचीच बंदी होती. दगड तोच, पाणी तेच, उतारही तोच. तरीही शहरातल्या काही माणसांपुरता तो हौद कोरडाच होता. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यासाठी एक वीटही हलवावी लागली नाही. अडथळा बांधकामात नव्हता, नियमात होता. आणि तो नियम माणसांनी केलेला असल्यामुळे माणसांना मोडता आला.

यावर एक आक्षेप हमखास येतो: जुन्या काळाला आजच्या मूल्यांची फूटपट्टी का लावायची? ही फूटपट्टी आजची असती तर आक्षेप मान्य करता आला असता. पण ती त्याच शहरातल्या, त्या काळाच्या वारशात जगणाऱ्या माणसाने लावली होती. फुले केवळ समाजसुधारक नव्हते, बांधकामाच्या ठेक्यांचा व्यवसाय करणारेही होते; पुढे १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी बंधारे घालून पावसाचे पाणी शेतात जिरवण्याची सूचना केली. पाणी अडवण्याचे शास्त्र आणि पाण्यावरचा हक्क या दोन गोष्टी त्यांच्या विचारात वेगळ्या नव्हत्या. पुढची वाटचाल त्याच दिशेने झाली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात संमत झाला. १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आणि भारताच्या राज्यघटनेने पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख केला. समतेची ग्वाही देताना घटनाकारांना बांधलेल्या जागांची नावे घ्यावी लागली, ही गोष्ट शहरे बांधणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले, बंद नळाचे पाणी घरात आले, मग हौदाची चर्चा कशाला? नळाचे उपकार मोठे आहेत. त्याने बायकांची पाण्यासाठीची पायपीट वाचवली, उघड्या पाण्यातून पसरणाऱ्या पटकीसारख्या रोगांना आळा घातला, आणि हौदाच्या काठावर जात विचारणाऱ्यांचा अधिकार पुष्कळसा काढून घेतला. पण घराची तोटी सुरू झाली तशी कात्रजच्या नळाशी असलेली शहराची जवळीक सुटली. ज्याच्यावर आपले पाणी अवलंबून नाही त्याची निगा कोण राखणार? १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि तोट्या कोरड्या पडल्या, तेव्हा पेठांना जुन्या हौदांचा आणि विहिरींचा आधार वाटला. संकट सरले आणि शहर त्यांना पुन्हा विसरले. एकाच स्रोतावर सगळा भार टाकणे किती धोक्याचे असते, हा त्या पुराचा धडा होता आणि तो आपण पुरता गिरवला नाही.

पाण्याच्या जुन्या वाटा विसरण्याची किंमत कोणी मोजली, हे पाहिले की दोन्ही अर्धे पुन्हा एकत्र येतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेल्या आंबिल ओढ्याच्या लोंढ्याने काठच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या आणि माणसे मेली. ओढ्याचे पात्र शहराने आक्रसत नेले होते आणि काठावर राहण्यावाचून ज्यांना पर्याय नव्हता त्यांनी ते सोसले. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. यातली नांदेड आणि किरकटवाडी ही गावे महापालिकेत आली ती २०२१ मध्ये. शहराची हद्द आधी पोहोचते आणि खात्रीचे पाणी मागून. पूर्वी हौदाशी जात विचारली जायची; आता पाणी पुरेसे आणि स्वच्छ मिळेल का, हे घर कुठे आहे आणि खिशात किती आहे यावर ठरते.

२०११ च्या जनगणनेत ३१ लाखांवर गेलेले हे शहर कात्रजच्या नळावर जगू शकत नाही, हे उघड आहे, आणि तसा कोणाचा आग्रहही नाही. घ्यायची आहे ती पद्धत. उताराचा अभ्यास, गाळ बसू देण्याचा धीर, ओढ्याला त्याची जागा, संकटात उपयोगी पडणारा दुसरा स्रोत हे नानासाहेबांच्या काळाकडून घ्यावे. आणि मोजमाप कुठून सुरू करायचे ते गंज पेठेकडून घ्यावे. शहरात समान पाणीपुरवठ्याची योजना आहे, ती पूर्ण झाली की नाही हे टाक्यांच्या संख्येवर नव्हे, सगळ्यात शेवटच्या घरातल्या तोटीवर मोजले पाहिजे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याची अंमलबजावणी चाकाच्या खुर्चीला फुटपाथवर चढता येते का आणि दृष्टिहीन माणसाला रस्ता ओलांडता येतो का यावर मोजली पाहिजे. हरित इमारतीचे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या वास्तूत सफाई कामगाराला बसायला जागा आणि स्वच्छतागृह आहे का, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे. कात्रजचा नळ आणि फुल्यांचा हौद हा पुण्याचा एकच वारसा आहे. त्यातला एक घेऊन दुसरा टाकला, तर आपण पुन्हा असेच शहर बांधू, जिथे हौद भरलेला असेल आणि कोणीतरी रिकामा हंडा घेऊन बाहेर उभे असेल.