सोळा कालवडी आणि तीन धान्ये

गुरांना एका खाद्याऐवजी दुसरे द्यायचे, तर दोन्ही सारखी आहेत हे आपण कसे ठरवणार? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्रज्ञांचे उत्तर सोपे होते : प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ मोजा, आकडे जुळले की झाले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टीफन बॅबकॉक यांना हे पटत नव्हते.

त्यांच्या आग्रहावरून मे १९०७ मध्ये एडविन हार्ट व सहकाऱ्यांनी १६ कालवडींचे चार गट केले. एकाला फक्त मका, दुसऱ्याला गहू, तिसऱ्याला ओट, चौथ्याला तिन्हींचे मिश्रण. दाण्याबरोबरची वैरणही त्याच पिकाची. पचणारी प्रथिने आणि ऊर्जा मात्र सर्वांना सारखी.

कागदावर फरक नव्हता. गोठ्यात तो दिसू लागला. मक्यावरच्या गाई तुकतुकीत, त्यांची वासरे धडधाकट. गव्हावरच्या गाई खंगल्या, काही आंधळ्या झाल्या. वासरे अपुऱ्या दिवसांची, मेलेली किंवा लगेच मरणारी. खाद्यांची अदलाबदल केल्यावर त्याच गाईंना मक्यावर सशक्त वासरे झाली. म्हणजे दोष गाईंचा नव्हता.

१९११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, पण कारण सापडले नव्हते. याच गटातले एल्मर मॅकॉलम उंदरांवर प्रयोग करू लागले. १९१३ मध्ये त्यांना व मार्गरिट डेव्हिस यांना लोण्यात आणि अंड्याच्या बलकात वाढीला आवश्यक असा एक घटक आढळला. तेच पुढे 'अ' जीवनसत्त्व ठरले. पिवळ्या मक्यातील कॅरोटीनपासून ते शरीरात तयार होते. गव्हात कॅरोटीन फारच थोडे.

जुन्या पृथक्करणातले आकडे बरोबरच होते, पण ठाऊक असलेल्या घटकांपुरतेच. पशुखाद्याच्या पोत्यावरील टक्केवारी वर्गात वाचताना आपण विचारू या : यात काय मोजलेले नाही?