सरकारी नोकरीतील भविष्यवेत्ती

वाचकहो, भविष्य सांगणारी बाई सरकारी नोकरीत, असं कधी ऐकलंत? बल्गेरियात अशी एक होती. आणि तीही कम्युनिस्ट राजवटीत, जिच्या पोथीत देवालाही जागा नव्हती आणि दैवालाही!

तिचं नाव व्हांगा. लोक तिला 'बाबा व्हांगा' म्हणत; बल्गेरियन भाषेत बाबा म्हणजे आजी. तिचा जन्म 1911 चा, तेव्हाच्या तुर्की साम्राज्यातील स्ट्रुमित्सा गावचा. लहानपणी ती वावटळीत सापडली, डोळ्यांत माती गेली आणि हळूहळू दृष्टी गेली, असं सांगतात. लग्न होऊन 1942 साली ती पेत्रिच गावी आली. दिवस महायुद्धाचे. लढाईवर गेलेला मुलगा जिवंत आहे का, हे विचारायला माणसं तिच्या दाराशी येऊ लागली. येणाऱ्यानं रात्री उशाखाली ठेवलेला साखरेचा खडा न्यायचा. तो हाती घेऊन ती बोलायची.

आता सरकारनं करावं काय? बंदी घातली तरी लोक जाणारच. तेव्हा 1967 साली तिलाच नोकरीत घेतलं. भेटीला फी लावली. परदेशी पाहुण्याला अर्थातच जास्त. सोफियाचे डॉ. गेओर्गी लोझानोव्ह यांनी तिचा अभ्यासही आरंभला.

मग 1976 साली नेवेना तोशेवा या दिग्दर्शिकेनं तिच्यावर अनुबोधपट काढला. बल्गेरियाबाहेर तो फारसा कुणाला ठाऊक नाही. नाव ठेवलं 'फेनोमेन'. पाहा हं, 'चमत्कार' म्हटलं तर पक्षाची अडचण, 'थोतांड' म्हटलं तर सरकारच फी घेतंय! 'फेनोमेन' हा शास्त्राचा शब्द. त्यात दोन्हीकडची सोय झाली.

त्या फिल्मनं व्हांगाला दिव्यदृष्टी होती हे सिद्ध होत नाही. पण तिची एक किंमत आहे: तिच्यावर तारीख आहे. त्यात जे बोललं गेलं, ते 1976 च्या पुढचं असूच शकत नाही. उलट व्हांगा 1996 साली वारली, तिनं स्वतः काही लिहून ठेवलं नाही, आणि तरी 2001 च्या न्यूयॉर्कच्या हल्ल्यासारखी भाकितं तिच्या नावावर फिरत राहिली!

तुम्ही म्हणाल, एखादं खरंही ठरलं असेल. ठरलं असेल, बोलाफुलाला गाठ पडते. मुलाची वाट पाहणाऱ्या आईला तेवढाच आधार पुरला असेल, तिला हसू नये. आपण मात्र एवढंच विचारावं: हे लिहून केव्हा ठेवलं? घटनेच्या आधी, की नंतर?