पक्षाघातानंतर हाताचे पुनर्वसन

पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेला रुग्ण काही आठवड्यांत काठीच्या आधाराने चालू लागतो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. त्याच बाजूचा हात मात्र अजून मांडीवर निपचित पडलेला असतो. शर्टाची बटणे, भाताचा घास, दाराची कडी, बँकेतील सही अशा साध्या क्रियांसाठी रुग्णाला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. हाताचे पुनर्वसन हा म्हणूनच पक्षाघातावरील उपचारांचा अत्यंत महत्त्वाचा, पण अनेकदा दुर्लक्षित राहणारा भाग आहे.

हात उशिरा का सुधारतो?

शरीराच्या उजव्या बाजूच्या हालचालींचे नियंत्रण मेंदूचा डावा भाग करतो, तर डाव्या बाजूचे उजवा. हात व चेहरा यांच्या केंद्रांना प्रामुख्याने मेंदूच्या मधल्या धमनीतून रक्त मिळते आणि पक्षाघातात बहुधा हीच धमनी बंद पडते. पायाच्या केंद्राला पुढील धमनी रक्त पुरवत असल्याने ते तुलनेने बचावते. शिवाय थोडा ताठ राहिलेला पायही चालण्यास पुरतो. बटण लावायचे तर अंगठा आणि बोटे स्वतंत्रपणे हलावी लागतात.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. त्यानंतर तो मंदावतो, पण थांबतोच असे नाही. 'सहा महिने उलटले, आता काही उपयोग नाही' ही समजूत चुकीची आहे.

न वापरण्याची सवय

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा तोडल्या असता माकडांनी तो हात वापरणे सोडून दिले. चांगला हात बांधून ठेवताच मात्र ती दुर्बल हात वापरू लागली. (टॉब यांचे माकडांवरील प्रयोग १९८१ मध्ये प्राण्यांच्या छळाच्या आरोपावरून वादग्रस्तही ठरले.) हात हलू शकत असूनही अपयशाच्या अनुभवामुळे तो न वापरण्याची सवय जडते, असा निष्कर्ष टॉब यांनी काढला. त्यातूनच 'कन्स्ट्रेंट इन्ड्यूस्ड मूव्हमेंट थेरपी' ही पद्धत आकाराला आली. तिच्यात रुग्णाच्या चांगल्या हातावर जाड मोजा चढवून दुर्बल हाताकडून रोज काही तास कामे करून घेतली जातात.

अमेरिकेतील 'एक्साइट' या चाचणीत २२२ रुग्णांचा समावेश होता. झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांनी दोन आठवडे हा उपचार घेतलेल्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळले. मात्र मनगट व बोटे थोडी तरी उघडता येणाऱ्यांसाठीच ही पद्धत आहे.

आरसा, यंत्रे आणि विद्युत-उत्तेजन

ज्यांचा हात फारसा हलत नाही, त्यांच्यासाठी आरशाचा उपचार करून पाहता येतो. दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा ठेवून चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहत हालचाली केल्या की दुर्बल हातच हलत असल्याचा भास होतो. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशाचा असा वापर आधी हात गमावलेल्यांच्या वेदनांसाठी केला होता. पक्षाघाताच्या रुग्णांवरील प्राथमिक प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

महागडे यंत्र अधिक गुणकारी असतेच असे नाही. ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या चाचणीत रोबोटच्या साहाय्याने दिलेले प्रशिक्षण नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले नाही, असे २०१९ मध्ये दिसून आले. छातीत उपकरण बसवून मानेतील व्हेगस नसेला व्यायामाच्या वेळी उत्तेजित करण्याच्या उपचारास अमेरिकेने २०२१ मध्ये मान्यता दिली.

घरी घ्यावयाची काळजी

* रुग्णाला उठवताना दुर्बल हात ओढू नये वा काखेत हात घालून उचलू नये. सैल पडलेला खांदा निखळण्याचा धोका असतो.
* बसताना हात लोंबकळत ठेवू नये. उशीचा किंवा टेबलाचा आधार द्यावा.
* मूठ घट्ट आवळली जात असेल, तर चेंडू दाबण्याचा व्यायाम तज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नये. अशा हाताला बोटे उघडण्याच्या सरावाची गरज अधिक असते.
* हात सुजला, लाल झाला किंवा दुखू लागला, तर डॉक्टरांना त्वरित दाखवावे.
* मटार सोलणे, नाणी उचलणे, रुमालाची घडी घालणे, टेबल पुसणे अशी खरी कामे रोज अनेकदा करून घ्यावीत. मालिशीने बरे वाटले, तरी ती सरावाची जागा घेऊ शकत नाही.

मुंबईचा वारसा

रोजच्या कामांतूनच उपचार करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीचे भारतातील शिक्षण कमला निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. फिजिओथेरपिस्टबरोबरच या तज्ज्ञांचाही सल्ला रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच घेणे हितावह ठरते.

घरातील माणसे मायेपोटी रुग्णाचे प्रत्येक काम स्वतः करतात. पण भरवलेला प्रत्येक घास ही त्या हाताची हुकलेली संधी असते. घास सांडला तरी चालेल. थोडा वेळ थांबून तो रुग्णालाच घेऊ देणे, हाही उपचाराचाच भाग आहे.