परवान्यातली रायफल

२०२० च्या नोव्हेंबरात आमच्या शेजारचे काका एक पिवळा पडलेला कागद घेऊन आले. बोगादीत आम्ही सात वर्षे शेजारी राहतो. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरातले, घरात दक्षिणी वळणाची मराठी. "तू भाषांतर करतीस न्हवं? मग हे वाचून मराठीत सांग," ते म्हणाले. पत्र इंग्रजीत होते आणि काकांना इंग्रजी उत्तम येते. पण वडिलांचा व्यवहार त्यांना एकदा आपल्या भाषेत ऐकायचा होता.

वडील कोडगूतल्या कॉफीच्या मळ्यांवर डॉक्टर होते. पत्र १९५४ सालचे. मळा विकून मायदेशी निघालेल्या एका इंग्रज मळेवाल्याने त्यांना आपली रायफल साडेतीनशे रुपयांना दिली होती: रेमिंग्टन कंपनीची, मॉडेल ८, पॉइंट ३५ बोअर, सोबत चाळीस काडतुसे.

भाषांतर करताना मी अडले ती रायफलच्या वर्णनापाशी. 'अर्धस्वयंचलित' हा शब्द कोशात मिळतो, पण तो शिकाऱ्याचा नाही, सरकारचा आहे. मराठीत ठासणीची बंदूक आहे, बार काढणे आहे, चाप ओढणे आहे. काडतूस आणि पिस्तूल आपण पोर्तुगिजांकडून घेतले, फैर इंग्रजांकडून. ही रायफल मात्र आपल्याकडे इतकी थोडी आली की तिच्यासाठी बोलीत शब्दच रुळला नाही.

तिचा आराखडा जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराचा. १९०६ पासून ती बाजारात आली आणि १९३६ मध्ये तिची जागा सुधारित मॉडेल ८१ ने घेतली. बार उडाला की नळी आणि खटका एकत्र मागे सरकतात. मग नळी आधी पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर पडते, आणि मागून येणारा खटका नवे काडतूस आत ढकलतो. हे सगळे आपोआप होते, पण पुढच्या बारासाठी चाप पुन्हा ओढावाच लागतो. 'अर्ध' आहे ते एवढेच. अमेरिकेत ती हरणाच्या शिकारीची बंदूक होती. १९३४ मध्ये बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोरांवर दबा धरून बसलेल्या फ्रँक हेमर या पोलीस अधिकाऱ्याच्या हातातही हेच मॉडेल होते.

आपल्याकडे तिची दुर्मीळता मात्र कारखान्यात ठरली नाही, कागदावर ठरली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने दोन कायदे केले. एक देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर, दुसरा शस्त्रांवर. भाषेवरचा कायदा रिपनच्या काळात, चार वर्षांच्या आत गेला. शस्त्रांवरचा चौऱ्याऐंशी वर्षे टिकला. त्यातून गोऱ्यांना सूट होती, आपल्याला परवाना लागत होता. म्हणून काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले, आणि १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला.

स्वातंत्र्यानंतर तो आठवला ह. वि. कामतांना. १९४८ च्या डिसेंबरात त्यांनी संविधान सभेत हा हक्क घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. हक्क सर्वांना दिला की तो चोर-गुन्हेगारांनाही मिळतो, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती फेटाळली गेली. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ मध्ये नियमांसह लागू झाला. गोऱ्या-काळ्याचा भेद संपला होता, पण परवाना राहिला. त्या नियमांत अर्धस्वयंचलित शस्त्रे पहिल्याच वर्गात, केंद्राच्या अखत्यारीत गेली. डॉक्टरांची रायफल जागची हलली नव्हती. तिचा वर्ग बदलला होता.

मग शिकारच संपली. १९७२ चा वन्यजीव कायदा आला. इथे म्हैसुरात व्हॅन इंगन यांचा कारखाना होता. राजेमहाराजांनी आणि मळेवाल्यांनी मारलेल्या वाघ-बिबट्यांची चाळीस हजारांहून अधिक कातडी-मुंडकी तिथे पेंढा भरून तयार झाली. तोही १९९९ मध्ये बंद पडला. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुकांची खासगी आयात, नेमबाज खेळाडू सोडले तर, जवळजवळ थांबली. तेव्हा जे देशात होते तेवढेच उरले आणि त्याच्या किमती वाढत गेल्या.

काकांच्या घरात तीन शस्त्रे होती: आजोबांची ठासणीची बंदूक, बारा बोअरची दुनळी आणि ही रेमिंग्टन. २०१९ च्या डिसेंबरात कायद्यात दुरुस्ती झाली. एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे, वारशाची धरून. तिसरे वर्षभरात जमा करायचे. मुदत १३ डिसेंबर २०२०. म्हणून पत्र बाहेर निघाले होते.

गंमत अशी की आमच्यापासून तीनेक तासांवर, कोडगूत, हा प्रश्नच नाही. १८६१ पासून कोडवांना आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे. २०१९ मध्येच केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली. पुढे २०२१ मध्ये उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. तिथे मूल जन्मले की बार काढतात, माणूस गेला तरी काढतात. कैलपोद सणाला बंदुकीच्या नळीत फूल खोचून तिची पूजा करतात. आपण ज्याला कळलावी म्हणतो, तेच हे फूल. कोडव भाषेत त्याचे नाव तोक पू, म्हणजे बंदुकीचे फूल. काकांचा जन्म कोडगूतला, पण ते कोडव नाहीत आणि जमीनही नाही. कायद्याने विश्वास टाकला तो घराण्यावर आणि जमिनीवर. डॉक्टराच्या मुलाला तो लागू होत नाही.

"विकून टाका ना," मी म्हटले. काका हसले. घेणाऱ्याकडे त्याच वर्गाचा परवाना हवा, आधी अधिकाऱ्यांना लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबायला हवे. एवढा परवाना असलेला माणूस शोधायचा कुठे? काडतुसेही मिळत नाहीत. तिघींत सगळ्यांत मोलाची तीच, आणि घरात ठेवायला सगळ्यांत अवघडही तीच.

काकांनी आठवडाभर घेतला. ठासणीची आजोबांची होती, तिच्यावर हात जाईना. दुनळी त्यांना चालवता येत होती. रेमिंग्टन वडिलांनी, काकांच्या आठवणीप्रमाणे, दोनदाच चालवली होती, दोन्ही वेळा मळ्यात शिरलेल्या रानडुकरावर.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर परवानाधारक दुकानात गेले. दुकानदाराने नंबर ताडून पाहिला, नळीत उजेड धरून पाहिले, उरलेली एकतीस काडतुसे मोजली आणि पावती लिहिली. काकांनी १९५४ चे पत्र त्याच्यापुढे धरले. तो म्हणाला, "याची गरज नाही सर, परवाना पुरे."

घरी येऊन त्यांनी पत्र आणि पावती एकाच पाकिटात घातली. माझे मराठी भाषांतरही मागून घेतले आणि त्यात ठेवले. मी 'अर्धस्वयंचलित' लिहिले होते. त्यांनी ते पेनाने खोडून वर लिहिले, 'आपोआप भरणारी'.