सी++ मधून आर फंक्शनला पाचारण

सी++ मधून आर फंक्शनला पाचारण म्हणजे संकलित सी++ आज्ञावलीने आर या भाषेतील फंक्शनकडून काम करून घेणे. आर ही संख्याशास्त्रीय गणनेची भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी निर्माण केली. आरमधील वेळखाऊ भाग सी++ मध्ये लिहिण्यासाठी आरसीपीपी हे पॅकेज वापरले जाते. त्याचे वर्णन करणारा डर्क एडेलब्यूटल व रोमँ फ्रांस्वा यांचा लेख २०११ मध्ये 'जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

कार्यपद्धती

आरसीपीपीमध्ये 'फंक्शन' नावाचा वर्ग आहे. आर फंक्शन सी++ ला दोन प्रकारे मिळते: वापरकर्ता ते चल म्हणून पाठवतो, किंवा सी++ ते नावाने शोधते. परत येणारे मूल्य कोणत्याही प्रकारचे असू शकते. संकलनाच्या वेळी ते ठाऊक नसल्यामुळे त्याचे अपेक्षित प्रकारात रूपांतर करावे लागते.

नावाने शोधण्यातील धोका

केवळ नाव दिल्यास शोध वापरकर्त्याच्या कार्यपरिसरापासून सुरू होतो. तेथे त्याने 'मीडियन' नावाचे स्वतःचे फंक्शन लिहिलेले असेल, तर मूळ मध्यकाऐवजी तेच चालते. अशा वेळी त्रुटीचा संदेश येईलच असे नाही. केवळ उत्तर चुकते. म्हणून फंक्शन 'स्टॅट्स' या मूळ पॅकेजच्या नामावकाशातून घेणे सुरक्षित ठरते.

वेग

पाचारण सी++ मधून झाले तरी फंक्शन आरच्या इंटरप्रिटरमध्येच चालते, आणि प्रत्येक पाचारणाचा स्वतंत्र खर्च पडतो. त्यामुळे लाखो फेऱ्यांच्या आवर्तनात आर फंक्शन वापरल्यास सी++ चा लाभ बहुतांशी नाहीसा होतो. शक्य तेथे संपूर्ण सदिश एकाच पाचारणात पाठवतात, किंवा आरच्या गणिती ग्रंथालयातील सी फंक्शने थेट वापरतात. वापरकर्त्याने दिलेल्या फलनाचे किमान मूल्य शोधण्यासारख्या कामात मात्र असे पाचारण अटळ असते.

त्रुटी व समांतर गणना

आरमधील त्रुटी सी++ चे विनाशक न चालवता नियंत्रण दूर नेऊ शकते, त्यामुळे व्यापलेली स्मृती मोकळी होत नाही. आरसीपीपी अशा त्रुटीचे सी++ अपवादात रूपांतर करते. आरचा इंटरप्रिटर एकाच धाग्यावर चालतो. समांतर धाग्यांतून त्याला पाचारण केल्यास आज्ञावली कोसळू शकते.